मोटारगाडीचे पुढील दिवे : बल्ब व त्यांचा टिकाऊपणा

रात्री रस्ता उजळविण्यासाठी मोटारगाडीच्या पुढील बाजूस जे प्रखर दिवे बसवितात, त्यांना हेडलाइट म्हणतात. परावर्तक, पुढील काच वा भिंग आणि प्रकाश देणारा बल्ब हे त्यांचे मुख्य घटक होत. यांपैकी परावर्तक व काच गाडीच्या आयुष्याइतकी टिकावी अशी अपेक्षा असते. बल्ब मात्र झिजणारा आणि बदलावा लागणारा भाग आहे. तो बदलताना अधिक प्रकाश देणारा घ्यावा की अधिक टिकणारा, हा प्रश्न विजेचे दिवे गाडीवर आले तेव्हापासूनचा आहे. तापून प्रकाश देणाऱ्या तंतूच्या बाबतीत हे दोन्ही गुण एकमेकांच्या मोबदल्यातच मिळतात. या बल्बांच्या विकासाचा इतिहास म्हणजे बव्हंशी ही देवघेव सुसह्य करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

ऐतिहासिक आढावा : प्रारंभीच्या मोटारगाड्यांवर तेलाचे व त्यानंतर ॲसिटिलीन वायूचे दिवे असत. कॅल्शियम कार्बाइडावर पाण्याचे थेंब पडून निघणारा हा वायू जाळीत. जत्रेतील दुकानांमुळे आणि जुन्या सायकलींमुळे कार्बाइडचा दिवा महाराष्ट्रातही परिचित होता. त्याची ज्योत वारा-पावसाला दाद देत नसे, ही त्याची मोठी जमेची बाजू होती. विजेचे दिवे १८९८ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया या विजेवर चालणाऱ्या गाडीवर ग्राहकाच्या इच्छेनुसार मिळू लागले. तथापि त्यांचा प्रसार लगेच झाला नाही. त्या काळचे कार्बन तंतू खडबडीत रस्त्यांवरील हादऱ्यांनी तुटत आणि गाडीवर पुरेशी वीज निर्माण करणारे लहान जनित्रही उपलब्ध नव्हते. विजेचा दिवा मागे पडला तो प्रकाशाच्या अभावी नव्हे, टिकाऊपणाच्या अभावी, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

या दोन्ही अडचणी १९१० ते १९१५ या काळात दूर झाल्या. विल्यम कूलिज यांनी ठिसूळ टंगस्टनापासून लवचिक तार काढण्याची पद्धत शोधली आणि अर्व्हिंग लँगम्यूर यांनी निर्वात बल्बाऐवजी अक्रिय वायूने भरलेला बल्ब तयार केला. वायूच्या दाबामुळे तापलेल्या तंतूवरील टंगस्टनाचे बाष्पीभवन मंदावते; म्हणून तेवढ्याच आयुष्यात तंतू अधिक तापविता येतो. याच सुमारास चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेली विजेवर चालू होण्याची व दिव्यांची एकत्रित योजना १९१२ च्या कॅडिलॅक गाडीवर आली आणि ॲसिटिलीनचे दिवस भरले.

प्रकाश वाढताच समोरून येणाऱ्याचे डोळे दिपविण्याचा नवा प्रश्न उभा राहिला. १९२५ च्या सुमारास जर्मनीत एकाच बल्बात दोन तंतू बसविण्यात आले. त्यांपैकी एक लांब झोतासाठी व दुसरा आखूड झोतासाठी होता. आखूड झोताच्या तंतूखाली धातूची लहानशी वाटी ठेवून वर जाणारा प्रकाश अडविण्यात आला. ही वाटी पुढील काळातील एच ४ बल्बातही तशीच राहिली. तंतू आपल्या जागेवरून मिलिमीटरच्या अंशाने जरी सरकला, तरी झोताची कड बिघडते. म्हणून बल्ब ‘बसतो’ एवढ्यावरून तो योग्य आहे असे ठरत नाही.

यानंतर अमेरिका व यूरोप यांचे मार्ग भिन्न झाले. अमेरिकेत १९४० च्या प्रतिमानांपासून तंतू, परावर्तक व काच एकत्र वितळवून जोडलेला सात इंच व्यासाचा बंदिस्त दिवा सक्तीचा झाला. तंतू तुटला की संपूर्ण दिवा बदलावा लागे. यात उधळपट्टी दिसते, पण दर वेळी नवा, न गंजलेला परावर्तक मिळे आणि बाष्पीभूत टंगस्टनाचा काळा थर मोठ्या पृष्ठभागावर पसरल्याने प्रकाशही फारसा घटत नसे. यूरोपने बदलता येणाऱ्या बल्बाचाच आग्रह धरला. अमेरिकेने तो मार्ग १९८३ मध्ये मोकळा केला.

हॅलोजन बल्ब : १९५९ मध्ये एल्मर फ्रिड्रिक व एमेट वायली यांना अमेरिकेत हॅलोजन दिव्याचे एकस्व मिळाले. मोटारगाडीसाठी या तत्त्वावरील पहिला बल्ब (एच १) यूरोपात १९६२ मध्ये आणि दोन तंतूंचा एच ४ हा १९७१ मध्ये आला. या बल्बात अक्रिय वायूत आयोडीन वा ब्रोमीन यांचा अल्प अंश मिसळतात. तंतूवरून उडालेले टंगस्टन सु. २५०° से. वा त्याहून तप्त अशा भिंतीजवळ हॅलोजनाशी संयोग पावते व हे संयुग तंतूजवळ पोहोचताच विघटित होऊन टंगस्टन पुन्हा त्यावर जमते. त्यामुळे बल्ब काळवंडत नाही. मात्र टंगस्टन नेमके जेथून उडाले तेथेच परत बसत नाही. तंतूचा बारीक झालेला, म्हणून अधिक तापणारा भाग बारीकच राहतो आणि अखेर तेथेच तुटतो. हॅलोजन बल्ब ‘स्वतःला दुरुस्त करतो’ असे जे सांगितले जाते, ते अर्धसत्य आहे. त्याचे खरे सामर्थ्य लहान, जाड क्वॉर्ट्‌झच्या कोशात वायू अधिक दाबाने भरता येतो, यात आहे.

बल्ब अनेकदा दिवा लावतानाच जातो. थंड तंतूचा विद्युत् रोध तप्त अवस्थेतील रोधाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असल्याने पहिल्या क्षणी प्रवाहाचा लोंढा येतो व झिजलेला भाग तो सोसू शकत नाही.

आयुष्य व विद्युत् दाब : तंतूच्या दिव्यात प्रकाश हा विद्युत् दाबाच्या सु. ३·४ घाताच्या प्रमाणात वाढतो, तर आयुष्य सु. १३ घाताच्या प्रमाणात घटते. म्हणजे दाब पाच टक्के वाढला तर प्रकाश सु. १८ टक्के वाढेल, पण आयुष्य जवळजवळ निम्मे होईल. पाच टक्के घटला तर प्रकाश सु. १६ टक्के कमी होऊन आयुष्य जवळजवळ दुप्पट होईल. दीर्घायुषी आणि अतितेजस्वी या दोन्ही प्रकारांच्या बल्बांचे रहस्य या एका नियमात आहे. पहिल्याचा तंतू किंचित थंड ठेवतात, दुसऱ्याचा अधिक तापवितात. बारा व्होल्टच्या बल्बांची चाचणी १३·२ व्होल्टला घेतात, कारण चालत्या गाडीत दाब त्याच्या आसपास वा त्याहून अधिक असतो. दाबनियंत्रक बिघडून दाब १५ व्होल्टपर्यंत जात असेल, तर कोणताही बल्ब टिकणार नाही. बल्ब वारंवार जात असल्यास नवा घेण्यापूर्वी दाब मोजणे हे पहिले काम होय.

उत्पादक बल्बाचे आयुष्य दोन प्रकारे सांगतात : नमुन्यातील तीन टक्के बल्ब जाईपर्यंतचे तास आणि सु. ६३ टक्के बल्ब जाईपर्यंतचे तास. दुसरा आकडा साहजिकच मोठा असतो व जाहिरातीत बहुधा तोच झळकतो. अंधाऱ्या घाटात एकाकी पडण्याची ज्याला धास्ती आहे, त्याने पहिला आकडा पाहावा.

निळसर लेपाच्या बल्बांविषयी विशेष सावधगिरी आवश्यक आहे. लेप काही प्रकाश शोषून घेतो. तो भरून काढण्यासाठी तंतू अधिक तापवावा लागतो. दिसण्यातला शुभ्रपणा अशा रीतीने आयुष्यातून वसूल होतो. भारतात दीर्घकाळ लोकप्रिय असलेले १०० व ९० वॉटचे बल्ब ही दुसरी चूक होय. मान्य एच ४ बल्ब ६० व ५५ वॉटचा असतो आणि बल्बाचा धारक, तारा व परावर्तक त्याच्याच हिशेबाने केलेले असतात. जास्त वॉटच्या बल्बाने धारक वितळतो, परावर्तकाची चकाकी जाते आणि समोरच्याला रस्ता दिसेनासा होतो. बहुतेक जुन्या गाड्यांत मंद प्रकाशाचे कारण बल्ब नसून गंजलेली जोडणी असते. तिच्यात एक-सव्वा व्होल्टची घट झाली, तरी सु. एक-चतुर्थांश प्रकाश नाहीसा होतो. महाराष्ट्राच्या पावसाळ्यात हे वारंवार घडते. 

मालमोटारींचे २४ व्होल्टचे बल्ब तेवढ्याच वॉटला बारीक व लांब तंतूचे असल्याने हादऱ्यांना अधिक बळी पडतात. त्यांच्यासाठी तंतूला जादा आधार दिलेले बल्ब मिळतात व त्यांची जास्त किंमत सार्थकी लागते. कोणताही हॅलोजन बल्ब बसविताना कोशाला बोट लावू नये. घामातील क्षारांमुळे तप्त क्वॉर्ट्‌झचे स्फटिकीभवन होऊन तो दुर्बल होतो. लागलेच तर स्पिरिटने पुसून घ्यावे. दोन्ही बाजूंचे बल्ब एकाच वेळी बदलणे इष्ट, कारण ते सारखेच तास जळालेले असतात. नव्या बल्बावर मान्यताचिन्ह आहे की नाही, हे पाहावे; यूरोपीय नियमांनुसार वर्तुळातील ई हे अक्षर व त्यापुढे देशाचा क्रमांक असतो. भारतात वाहनांच्या दिव्यांची चाचणी व प्रमाणन करणाऱ्या संस्थांमध्ये १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही प्रमुख आहे.

टिकाऊ बल्बांची मागणी वाढण्यास दिवसा दिवे लावण्याच्या नियमांचाही हातभार लागला. स्वीडनने १९७७ मध्ये तो नियम केला. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढील दिवा इंजिन चालू असेपर्यंत आपोआप जळत राहतो. जेथे बल्ब रोज कित्येक तास जळतो, तेथे तेजस्वी पण अल्पायुषी बल्ब घेणे परवडत नाही.

तंतूपलीकडे : १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या सातव्या मालिकेवर झेनॉन वायूतील विद्युत् विसर्जनाचा दिवा आला. ३५ वॉटमध्ये तो सु. ३,२०० ल्यूमेन देतो. ५५ वॉटचा एच ७ हॅलोजन बल्ब सु. १,५०० देतो. तुटणारा तंतूच नसल्याने त्याचे आयुष्यही अनेक पट असते. मात्र जुना होताना त्याचा प्रकाश घटतो व रंग बदलतो. २००७ नंतर एलईडी दिवे आले. ते गाडीइतके टिकावेत अशी त्यांची रचना असते. मात्र ते बिघडले, की अनेक गाड्यांत संपूर्ण दिवाच मोठ्या खर्चाने बदलावा लागतो आणि १९४० च्या बंदिस्त दिव्याची आठवण होते.

हॅलोजनच्या जागी बसविण्याजोगे एलईडी बल्ब बाजारात दीर्घायुष्याच्या हमीसह विकले जातात. परंतु तंतू सर्व बाजूंना प्रकाश टाकतो, तर एलईडी चकत्या सपाट पट्टीच्या दोन बाजूंनी टाकतात. तंतूसाठी आखलेल्या परावर्तकात त्यामुळे झोताची कड पुसट होते आणि प्रकाश समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. म्हणून बहुतेक देशांत अशी अदलाबदल मान्य नाही. जर्मनीने २०२० पासून ती मान्य केली, तीही विशिष्ट बल्ब विशिष्ट गाडीच्या विशिष्ट दिव्यात तपासून तयार केलेल्या यादीपुरतीच.