रब्बी म्हणजे वसंत

२०२५ साली ३० मार्चला गुढीपाडवा होता आणि लगेच ३१ मार्चला ईद. त्याआधी २०२१, २०२२ आणि २०२३ अशी सलग तीन वर्षं रमजान ईद बरोबर अक्षय्य तृतीयेच्याच दिवशी आली होती: १४ मे, ३ मे आणि २२ एप्रिल. मोबाइलवर "काय योगायोग!" असे संदेश फिरले. २०२२ साली तर सणापेक्षा बंदोबस्ताचीच चर्चा जास्त झाली. दोन समाजांचे सण एका दिवशी आले की आपल्याकडे आधी पोलिसांची गाडी आठवते, मग शेजाऱ्याचं ताट.

पण हा योगायोग नाही, हे साधं गणित आहे. त्या गणितामागे आपल्या दख्खनचा सहा-सातशे वर्षांचा इतिहास आहे. तो इतिहास ग्रंथांइतकाच आपल्या शेताच्या बांधावर, परसात आणि स्वयंपाकघरात सापडतो.

चंद्र एकच, हिशेब दोन

मराठी पंचांगातले महिने चंद्राचे आणि हिजरी महिनेही चंद्राचेच. अमावस्येनंतर बीजेची कोर दिसली की दुसऱ्या दिवशी ईद. म्हणून ईद बहुधा शुद्ध द्वितीया-तृतीयेलाच पडते. बारा चांद्रमासांचं वर्ष ३५४ दिवसांचं. सूर्याचं वर्ष त्याहून सुमारे ११ दिवसांनी मोठं. पंचांग ही तूट साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना घालून भरून काढतं. त्यामुळे चैत्र वसंतातच राहतो. हिजरी कालगणनेत असा जादा महिना नाही. महिने मागेपुढे सरकवण्याची अरबांची 'नसी' ही जुनी चाल कुराणाने नाकारली (सूरह तौबा, आयत ३७). म्हणून ईद दरवर्षी ११ दिवस आधी येते आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून परत येते.

आता वरच्या तारखा पाहा. २०२० च्या अधिक आश्विनानंतर पुढचा अधिक महिना आला तो २०२३ चा श्रावण. या दोन अधिक महिन्यांच्या मधल्या तिन्ही ईद वैशाखात पडल्या. अधिक श्रावणानंतर हिशेब एक महिना सरकला आणि २०२४, २०२५, २०२६ च्या ईद चैत्रात, पाडव्याच्या पाठोपाठ आल्या. २०२६ चा अधिक ज्येष्ठ संपला की ईद फाल्गुनात जाते. म्हणजे एकाच चंद्राकडे पाहून दोघे दिवस मोजत होते. एकाने ऋतूला धरून ठेवलं, दुसऱ्याने सणाला सगळे ऋतू दाखवले.

माझ्या शाळेच्या दिवसांत, १९९० च्या आसपास, ईद अशीच चैत्र-वैशाखात होती. आता पुन्हा आली. माणसाच्या आयुष्यात वसंतातली ईद दोनदा, फार तर तीनदा मुक्कामाला येते.

राजाला लागलेली अडचण

ईद फिरली तर कोणाचं बिघडत नाही. पण शेतसारा फिरून कसा चालेल? पीक चंद्राकडे पाहून येत नाही. हिजरी सालाप्रमाणे वसुली करायची म्हटली तर तेहतीस वर्षांत रयतेकडून एका वर्षाचा सारा जादा घेतला जाईल, आणि तोही कधी पीक उभं असताना. मुस्लिम राजवटींपुढे ही खरी अडचण होती. तिच्यावरचा दख्खनमधला तोडगा म्हणजे 'शुहूर सन'.

शुहूर हे 'शहर' या अरबी शब्दाचं अनेकवचन, अर्थ महिने. देवगिरीला दौलताबाद करणाऱ्या मुहम्मद तुघलकाच्या काळात, १३४४ साली, हिजरी ७४५ हा आकडा धरून ही गणना सुरू झाली असं इतिहासकार मानतात. आकडा हिजरीचा घेतला, पण वर्ष सूर्याचं ठेवलं. वर्षाची सुरुवात कुठे? सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तिथे. म्हणून याला मृग साल असंही म्हणत. मेढ्याच्या शेतकऱ्याला आजही नवं वर्ष कधी लागतं ते विचारा. पाडव्याला गुढी उभारली तरी त्याचं कामाचं वर्ष मृगालाच लागतं. राब भाजून झालेला असतो, तरव्यात भाताचं बी पडायचं असतं, आणि नजर वैराटगडावरच्या ढगांवर असते. दिल्लीच्या सुलतानाच्या नावावर असलेली ही कालगणना मुळात या माणसाच्या वेळापत्रकावर बेतलेली होती.

शुहूर सन बहामनी आणि आदिलशाहीपुरता राहिला नाही. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेक शक सुरू केला, तरी मराठ्यांच्या दफ्तरात हा सन चालूच राहिला. तोही आकड्यांत नव्हे, अरबी शब्दांत लिहिलेला. १६७४ च्या मृगाला लागलेलं साल 'खमस सबैन अलफ', म्हणजे पाच, सत्तर आणि हजार: १०७५. त्यात ५९९ मिळवा, १६७४ येतं. सातारा आणि पुणे दरबारच्या कागदांवर महिन्याची तारीखही 'छ' म्हणजे चंद्र असं लिहून दिलेली दिसते: 'छ ५ रबिलाखर', 'छ १२ सवाल'. ब्राह्मण कारकून मोडी लिपीत अरबी महिने लिहीत होते आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं, कारण तो हिशेबाचा भाग होता.

रब्बी या शब्दाचा अर्थ

वर्गात मी दरवर्षी एक प्रश्न विचारतो: रब्बी म्हणजे काय? मुलं गहू सांगतात, हरभरा सांगतात, ज्वारी सांगतात. सगळ्यांची उत्तरं बरोबर असतात, पण शब्दाचा अर्थ कोणी सांगत नाही. 'रबीअ' म्हणजे अरबीत वसंत. 'खरीफ' म्हणजे शरद. हिजरी वर्षातल्या रबिउल अव्वल आणि रबिउल आखिर या महिन्यांच्या नावांतही तोच वसंत आहे. ते महिने आता सगळ्या ऋतूंतून फिरतात, वसंत फक्त नावात उरला. आपल्या शेतात मात्र तो जागच्या जागी राहिला.

गंमत अशी की रब्बीची पेरणी होते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, थंडीच्या तोंडावर. मग पिकाला वसंताचं नाव का? कारण पीक हातात येतं फाल्गुन-चैत्रात. खरिपाची पेरणी पावसाळ्यात, काढणी शरदात. दोन्ही नावं पेरणीवरून नाहीत, काढणीवरून आहेत. पेरणाऱ्याने नाव दिलं असतं तर पेरणीचं दिलं असतं. ही नावं खळ्यावर येऊन धान्य मोजणाऱ्याने दिलेली दिसतात. म्हणजे हे शब्द केवळ प्रेमाने आले असं म्हणायचं कारण नाही. साऱ्याबरोबर आले, सत्तेबरोबर आले. पण राहिले ते रयतेने तोंडात घेतले म्हणून.

शिवाजी महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' करून घेतला. त्यात दहा वर्गांत सुमारे चौदाशे दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत. नव्या राज्याला स्वतःची राजभाषा हवी होती आणि ती आकांक्षा समजण्यासारखी आहे. पुढे विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली. तिच्या बाजूने 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिणारे माधव ज्युलियन स्वतः फारसीचे प्राध्यापक होते. १९२५ चा फार्शी-मराठी कोश त्यांचाच, आणि मराठीत गझल रुजवणाऱ्यांत नावही त्यांचंच. कोणता शब्द कुठून आला हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? एवढं होऊनही तलाठ्याच्या पीकपाहणीत आज 'खरीप हंगाम' आणि 'रब्बी हंगाम' हेच लिहिलं जातं. पहिला शब्द अरबी, दुसरा फारसी, आणि पीक जावळीच्या खाचरातलं.

परस आणि बाग

परस हा शब्द आपला, बाग फारसी. 'बागायत' बागेवरून आलं, 'जिरायत' अरबी 'जिराअत'वरून, म्हणजे शेती. सातारा-सांगलीच्या बाजारात फळं-भाजीचा धंदा पिढ्यानपिढ्या करणारा बागवान समाज आहे. नावाचा अर्थ बाग राखणारा. गुलाब म्हणजे मुळात 'गुल' आणि 'आब', फुलाचं पाणी. आपण पाण्याचं नाव फुलालाच देऊन टाकलं. आंब्याचं 'कलम' आणि लिहिण्याची 'कलम' हा एकच अरबी शब्द, तिरकस कापलेल्या बोरूसारख्या काडीचा. हापूस हे नाव पोर्तुगीज अफोन्सोवरून. आंबा इथला, कलम अरबी, नाव पोर्तुगीज. असा आंबा आपण अक्षय्य तृतीयेला पितरांना दाखवून मगच खायला सुरुवात करतो.

त्याच दिवशी परसात आळी करून भोपळा, दोडका, कारलं यांच्या बिया टोचायची रीत आमच्याकडे आहे. ही रीत मुसलमान घरांतही आहे. कोणाच्या धर्मग्रंथात लिहिलंय म्हणून नाही. त्या वेळी लावलेला वेल मृगाच्या पावसाला तरारून उठतो म्हणून. सलग तीन वर्षं ईदची नमाज पढून आल्यावर दुपारी मी दोडक्याची आळी केली. सणाचा दिवस आणि पेरणीचा दिवस एक आला, यापलीकडे त्यात मला काही वेगळं वाटलं नाही.

हा धागा फक्त मेढ्यापुरता नाही. हैदराबाद वसवणारा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशाह (राज्यकाल १५८० ते १६१२) हा दख्खनी उर्दूचा मोठा कवी. त्याच्या कुल्लियातमध्ये ईद आणि शबेबरातीबरोबर बसंतावर कविता आहेत आणि 'मिरग' यावरही आहेत. आमच्याकडचे शेतकरी मृगाला मिरगच म्हणतात. उर्दूच्या पहिल्या मोठ्या संग्रहात हा शब्द सापडतो, हे उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला फार मोलाचं वाटतं.

चुलीवरचा हिशेब

स्वयंपाकघरात तर वाटणी करायला बसलं की हात रिकामे राहतात. चैत्रात पन्हं करतात. हा शब्द 'पानक'वरून आला, 'पा' म्हणजे पिणे. सरबत हा शब्द अरबी 'शरिब'वरून आला, त्याचाही अर्थ पिणे. दोन भाषांनी एकाच तहानेला दोन नावं दिली. मुरंबा अरबी. गुलकंद फारसी वाटतो, पण त्यातला 'कंद' संस्कृत 'खंड'वरून इराण-अरबस्तानात जाऊन परत आलेला. शर्करेची 'शकर' झाली तीही तिकडेच. गावच्या चैत्री यात्रेत पिराला मलिदा होतो. 'मालीदन' म्हणजे चुरणे, चोळणे. तो करणाऱ्या बऱ्याच घरांत देव्हारा असतो. आणि उन्हाळ्यात डंक्यावर कुटून घेतलेली वर्षभराची चटणी, जिच्याशिवाय सातारी जेवण होत नाही? ती मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांनी आणली. तिला तर कोणीच परकी म्हणत नाही.

शीरखुर्म्यात 'शीर' म्हणजे दूध आणि 'खुर्मा' म्हणजे खजूर, दोन्ही फारसी. पण त्यातली शेवई फारसी नाही. ती चैत्रातल्या वाळवणाची. कुरडया, पापड, सांडगे यांच्याबरोबर ती अंगणात खाटेवर किंवा काठीवर वाळायची. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत शेवया एका घरच्या नव्हत्या. आज एकीच्या अंगणात, उद्या दुसरीच्या. अम्मी आणि शेजारच्या काकू समोरासमोर बसून खपली गव्हाच्या रव्याच्या शेवया वळत. काकूंच्या वाट्याच्या शेवयांची खीर व्हायची, आमच्या वाट्याच्यांचा ईदला शीरखुर्मा. ज्या वर्षी ईद थंडीत यायची, तेव्हाही डब्यातली शेवई चैत्रातलीच असायची. ईद ऋतू सोडून गेली तरी वसंत तिच्या वाटीत असा साठवलेला असे.

आता शेवया दुकानातून येतात. यात कोणाचा दोष नाही. बायकांचे कष्ट वाचले हे चांगलंच झालं. पण त्या अंगणात आणखी एक काम होत असे, ते आता कुठे होत नाही. दोन घरांतल्या बायका दिवसभर एकत्र बसत. आजारपण, लग्नं, उसनवारी, मुलांच्या खोड्या सगळं बोलणं होई. ते बोलणं बंद झालं आणि त्या जागी मोबाइलवरचे संदेश आले. ज्याला शेजारच्या घरात शेवया कशा करतात ते ठाऊक नाही, त्याला शेजाऱ्याबद्दल काहीही सांगितलं तरी पटतं. मला भीती वाटते ती याची.

इतिहास सांगताना आपण बहुधा लढायांच्या तारखा सांगतो. जावळी १६५६, प्रतापगड १६५९. मेढ्यातल्या मुलांना त्या पाठ असतात आणि असायलाच हव्यात. पण ज्या काळात त्या लढाया झाल्या, त्याच काळात याच खोऱ्यात कोणी मृगाची वाट पाहत होतं आणि कोणी ते साल अरबी शब्दांत टिपून ठेवत होतं. तलवारीचा इतिहास खरा आहे, तसा हाही खरा आहे. पहिला वर्षातल्या काही दिवसांचा, दुसरा रोजचा.

ईद आता फाल्गुनाकडे आणि पुढे थंडीकडे निघाली आहे. २०३० साली तर रमजान जानेवारीत एकदा आणि डिसेंबरात पुन्हा लागेल. वैशाखात ईद परत यायला २०५३-५४ उजाडेल. आज माझ्या वर्गात बसलेली मुलं तेव्हा माझ्या वयाची असतील. तोवर त्यांनी एक करावं असं मी त्यांना सांगतो: घरातल्या आजीला, नानीला विचारून वाळवणाचे, परसातल्या वेलींचे, चैत्रातल्या जेवणाचे शब्द वहीत उतरवून घ्या. आपल्या घरचे लिहून झाले की शेजारच्या घरी जाऊन तिथलेही लिहा. मग दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहा. किती शब्द वेगळे निघतात ते मला येऊन सांगा.