म्युझिक प्लेअरची स्क्रीन फुटली तर गाणीही जातात का? पेण-रोह्यात दुरुस्तीला देण्याआधी काय पाहावं?

ॲपलने २३ ऑक्टोबर २००१ रोजी पहिला आयपॉड आणला आणि १० मे २०२२ रोजी शेवटचं मॉडेलही बंद करत असल्याचं जाहीर केलं. तरी अनेकांच्या कपाटात जुना आयपॉड, सोनीचा वॉकमन किंवा साधा एमपीथ्री प्लेअर अजून असतो. त्यात नुसती सिनेमाची गाणी नसतात. आजोबांची भजनं असतात, धावीर महाराजांच्या पालखीचं रेकॉर्डिंग असतं, जे दुसरीकडे कुठेही मिळत नाही. अशा प्लेअरची स्क्रीन गेली की पहिला प्रश्न पडतो: आता सगळं गेलं का?

बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच असतं.

स्क्रीन आणि गाणी वेगळी कशी?

स्क्रीन फक्त दाखवण्याचं काम करते. गाणी साठवलेली असतात मेमरी चिपमध्ये, आणि आयपॉड क्लासिकसारख्या मॉडेलमध्ये १.८ इंची हार्ड डिस्कवर. त्यामुळे काच फुटली तरी गाणी सुरक्षित राहू शकतात. प्लेअर जोरात आपटला असेल तर मात्र हार्ड डिस्कला धक्का बसलेला असू शकतो. आतून टकटक आवाज येत असेल, तर तो पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये.

बिघाड नेमका कुठे आहे?

- हेडफोनमधून आवाज येतो, पण काही दिसत नाही: बहुधा फक्त स्क्रीन किंवा तिची पट्टी गेली आहे.
- शाईसारखा काळा डाग पसरतोय: आतला एलसीडी फुटला आहे.
- स्क्रीन पांढरी आहे: पट्टी सैल झाली आहे किंवा चुकीचा पार्ट बसवला आहे.
- काचेला तडा आहे, पण चित्र स्वच्छ दिसतं: वरची काच किंवा 'टच' बदलून भागू शकतं.
- स्क्रीन वर उचलली गेली आहे, मागचं कव्हर फुगलं आहे: दोष स्क्रीनचा नाही, बॅटरीचा आहे. चार्जिंग लगेच थांबवावं आणि घरी उघडू नये. फुगलेल्या लिथियम बॅटरीला टोकदार हत्यार लागलं तर आग लागू शकते.

चक्र असलेल्या आयपॉडवर मेन्यू आणि मधलं बटण काही सेकंद एकत्र दाबून धरलं की तो रीस्टार्ट होतो. खर्च करण्याआधी हे एकदा करून पाहावं.

आधी गाणी काढून घ्या

साधा प्लेअर कॉम्प्युटरला जोडला की पेन ड्राइव्हसारखा उघडतो. आयपॉडमध्ये गाणी लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात आणि फाइलची नावं चार अक्षरांची, अर्थहीन दिसतात. घाबरायचं कारण नाही. गाण्याचं खरं नाव फाइलच्या आतच नोंदलेलं असतं. आयपॉड टचला पासकोड असेल आणि टच चालत नसेल, तर ज्या कॉम्प्युटरला आधी परवानगी दिली होती तोच उपयोगी पडतो. म्हणून तो जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याची घाई नको.

पार्ट कुठून येतो?

पेण किंवा रोह्याच्या बाजारपेठेतल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात फोनचे डिस्प्ले सहज मिळतात. जुन्या प्लेअरचा डिस्प्ले मात्र बहुधा मागवावाच लागतो. मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड इलेक्ट्रॉनिक्स सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे जाताना फक्त माप सांगून चालत नाही. एकाच मापाच्या दोन स्क्रीन वेगळ्या कंट्रोलरमुळे एकमेकींच्या जागी चालत नाहीत. स्क्रीनच्या पट्टीवर छापलेल्या नंबरचा आणि प्लेअरच्या मागच्या मॉडेल नंबरचा फोटो सोबत ठेवावा.

आयपॉड टचच्या चौथ्या पिढीपासून काच आणि डिस्प्ले एकत्र चिकटवलेले असतात, त्यामुळे पूर्ण जोड बदलावी लागते. दुकानात तिला 'कॉम्बो' किंवा 'फोल्डर' म्हणतात.

बदलताना काय होतं?

प्लेअर बंद करून कडेने प्लास्टिकच्या पातळ पट्टीने कव्हर सोडवतात. इथे घाई महागात पडते. आयपॉड क्लासिकमध्ये मागच्या कव्हरला बॅटरी आणि हेडफोनच्या नाजूक पट्ट्या जोडलेल्या असतात, झटक्यात उघडलं की त्या तुटतात. आधी बॅटरी सोडवायची, मग स्क्रीनच्या पट्टीचं लॉक उघडायचं, नवी स्क्रीन जोडायची आणि कव्हर बंद करण्याआधी चालू करून पाहायची.

पावसाळ्यात कोकणातल्या दमट हवेचा विचार करावा लागतो. काच फुटलेल्या प्लेअरमध्ये ओल शिरून कनेक्टर गंजतात. हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत वापरलेल्या प्लेअरमध्ये प्लास्टरची बारीक धूळही जाऊ शकते. म्हणून फुटलेल्या काचेवर लगेच पारदर्शक टेप लावून ठेवावी.

दुकानात देताना

पार्टची आणि मजुरीची किंमत वेगळी विचारा. पावतीवर मॉडेल, बिघाड आणि गॅरंटी लिहून घ्या. जुना पार्ट परत मागा. सेवेत त्रुटी राहिली, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि रायगड जिल्ह्याचा ग्राहक आयोग अलिबागला आहे. तिथे पावतीच कामी येते.

दुरुस्ती परवडते का?

फक्त गाणी हवी असतील आणि ती कॉपी झाली असतील, तर स्क्रीनवर खर्च करण्याची गरज नाही. प्लेअर वापरायचाच असेल, तर बॅटरी किती टिकते ते आधी पाहावं. नवी स्क्रीन आणि जुनी, दमलेली बॅटरी ही जोडी फार काळ चालत नाही. टाकूनच द्यायचा ठरला, तरी तो घंटागाडीत टाकू नये. तो ई-कचरा आहे, अधिकृत संकलन केंद्रातच द्यावा.