लपाछपी खेळणारा बिघाड

चालू विजेचा धडा शिकवताना आपण फळ्यावर एक घट, एक कळ आणि एक दिवा काढतो. कळ दाबली की दिवा लागतो, सोडली की विझतो. फळ्यावरच्या मंडलात तिसरी शक्यताच नसते. प्रत्यक्षातली मंडले इतकी सरळ नसतात. जुनी जीपगाडी चालवणाऱ्या कोणालाही विचारा. चाक खड्ड्यात गेले की दिवे मिचकावतात आणि पुढे आपोआप नीट होतात. भर दुपारी इंजिन बंद पडते आणि अर्ध्या तासाने काही झालेच नाही अशा थाटात सुरू होते. गॅरेजमध्ये नेली की मात्र गाडी अगदी शहाण्यासारखी वागते.

पूर्ण तुटलेली तार शोधणे सोपे असते. अधूनमधून तुटणारी तार शोधणे हे विज्ञानातल्या अवघड कामांपैकी एक आहे. ते माणसाने कसे साधले, हे पाहायला भुसावळ हे चांगले ठिकाण आहे. रेल्वेच्या तारा आणि सातपुड्याच्या पायथ्याशी धावणाऱ्या जीपा, या दोन्हींची या गावाला जुनी ओळख आहे.

चंचल घट आणि एक शिक्षक

पहिली अडचण आली ती खुद्द ओहमला. जर्मनीत कलोन शहरातल्या शाळेत गेओर्ग ओहम गणित आणि पदार्थविज्ञान शिकवत असे. वेगवेगळ्या लांबीच्या तारांतून किती वीज वाहते, हे तो १८२५च्या सुमारास मोजत होता. पण त्या काळचे घट चंचल होते. मोजणी चालू असतानाच त्यांचा दाब उतरत जाई. आकडा बदलला तो तारेमुळे की घटामुळे, हे कळायला मार्ग नव्हता.

योहान पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने त्याला एक उपाय सुचवला. झेबेकने १८२१ मध्ये दाखवले होते की दोन धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानांना ठेवले तर मंडलात वीज वाहते. ओहमने एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. दोन्ही तापमाने स्थिर, म्हणून दाबही स्थिर. त्यानंतर आकड्यांत नियम दिसू लागला आणि १८२७ मध्ये त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

आपण मुलांना ओहमचे सूत्र देतो, ही गोष्ट सहसा सांगत नाही. ‘एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकीच्या धरून ठेवाव्यात’ हा तिचा गाभा आहे. जीपचा बिघाड शोधणाऱ्या कारागिराला हाच नियम सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

‘अर्थ’ आला कुठून?

गॅरेजमध्ये पहिले निदान बहुधा एकच असते: “अर्थ लूज आहे.” हा शब्द तारायंत्राकडून आला. १८३८ मध्ये कार्ल श्टाइनहाइल याने न्युर्नबर्ग-फ्युर्थ रेल्वेचे रूळच तारेसारखे वापरून संदेश पाठवता येतो का, हे पाहिले. रुळांतून वीज जमिनीत झिरपत होती, त्यामुळे तो बेत फसला. पण जमीनच परतीच्या तारेचे काम करते, हे त्यातून उमगले. एक तार वाचली.

भारतात ओशॉनेसीने १८३९ मध्ये कलकत्त्याला तारायंत्राचे प्रयोग केले. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली आणि १८५४ मध्ये कलकत्ता, आग्रा व मुंबई ही शहरे तारेने जोडली गेली. पुढे रेल्वे आली. १८६७ मध्ये रूळ नागपूरला आणि १८७० मध्ये जबलपूरला पोचले. या दोन्ही वाटा भुसावळला फुटतात. रुळांबरोबर तारेचे खांबही आले. पावसाळ्यात ओल्या खांबांवरून वीज झिरपायची आणि ऊन पडले की तार पुन्हा ठीक व्हायची. अधूनमधूनच्या बिघाडांशी झगडणारे पहिले कारागीर हे तारखात्याचेच.

मोटारगाडीने एक तार वाचवण्याची तीच युक्ती उचलली. बॅटरीची एक बाजू सांगाड्याला जोडायची, म्हणजे प्रत्येक दिव्याला एकच तार पुरते. परतीचा रस्ता लोखंडातून. टायर रबराचे असल्याने या ‘अर्थ’चा जमिनीशी संबंध नसतो, नाव तेवढे राहिले. मात्र हा लोखंडी रस्ता गंजतो, चिखलाने माखतो. इंजिन रबरी गाद्यांवर बसलेले असते, म्हणून इंजिन आणि सांगाडा यांच्यात तांब्याची जाड वेणी लावावी लागते. ती सैल झाली की ‘सेल्फ’ला लागणारी वीज दुसरी वाट शोधते. कधी ती अ‍ॅक्सिलरेटरच्या बारीक तारेतून जाते आणि ती तार तापून लाल होते. बिघाड एकीकडे आणि धूर दुसरीकडे, असा प्रकार होतो.

सहा व्होल्टची जीप

दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. भारतात महिंद्र कंपनीने १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे कित्येक दशके महसूल, वन, आरोग्य अशा सगळ्या खात्यांची कच्च्या रस्त्यावरची गाडी म्हणजे जीपच होती. यावल, रावेर, चोपडा तालुक्यांच्या डोंगराकडच्या गावांतून रुग्णाला आणायचे तर जीप ‘सेल्फ’ मारताच सुरू होणे, हा जीवनमरणाचा प्रश्न असे.

युद्धकाळातल्या त्या जीपची बॅटरी ६ व्होल्टची होती. हिशोब करून पाहू. दिवा ३६ वॅटचा असेल तर ६ व्होल्टवर त्याला ६ अँपियर लागतात. वाटेतल्या एका गंजलेल्या सांध्याचा रोध फक्त ०.१ ओहम धरला, तर तिथे सुमारे ०.६ व्होल्ट खर्च होतात, म्हणजे दहा टक्के. तारेच्या दिव्याचा उजेड दाबापेक्षा फार वेगाने घटतो. दाब दहा टक्के उतरला की उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतो. १२ व्होल्टवर त्याच ताकदीच्या दिव्याला ३ अँपियर पुरतात. तोच सांधा तिथे ०.३ व्होल्ट खातो, म्हणजे अडीच टक्के. तोटा चौपटीने कमी झाला. नंतरच्या गाड्यांनी १२ व्होल्ट स्वीकारले, त्यामागे हेही एक कारण होते.

‘सेल्फ’चे गणित तर आणखी बोलके आहे. त्याला २०० अँपियर लागले आणि टर्मिनलवर ०.०१ ओहमचा रोध असला, तर तिथेच २ व्होल्ट गेले आणि ४०० वॅट उष्णता निर्माण झाली. अनुभवी कारागीर ‘सेल्फ’ मारल्यावर बॅटरीच्या टर्मिनलला हात लावून पाहतो. जो सांधा गरम, तो दोषी. हा हात म्हणजे ओहमच्या नियमाचेच मापक आहे.

मग सांध्याचा रोध सरळ मोजला तर? १९२३ मध्ये ब्रिटिश टपालखात्यातल्या डोनाल्ड मॅकेडी या अभियंत्याने अँपियर, व्होल्ट आणि ओहम मोजणारी तीन यंत्रे एकाच पेटीत बसवली. आजचा मल्टिमीटर त्याच कुळातला. पण इथे एक फसगत आहे. मीटर रोध मोजताना अगदी थोडी वीज सोडतो. वीस धाग्यांच्या केबलमधले एकोणीस धागे तुटले असले, तरी उरलेल्या एका धाग्यातून ती सहज जाते आणि मीटर ‘सर्व ठीक’ म्हणतो. म्हणून मोजणी काम चालू असताना करायची. दिवे लावावेत, ‘सेल्फ’ मारावा आणि सांध्याच्या दोन बाजूंना मीटर लावून तिथे किती व्होल्ट हरवतात ते पाहावे. नाडी चालत्या माणसाची पाहायची, तसे हे आहे.

उन्हाळा नावाचा साक्षीदार

मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त उष्णता असते. २० अंशांवरून १०० अंशांवर नेले की तांब्याचा रोध सुमारे तीस टक्क्यांनी वाढतो. त्याहून वाईट म्हणजे इग्निशन कॉइलच्या आत बारीकशी भेग असेल, तर तापून प्रसरण पावताच ती उघडते आणि निवल्यावर पुन्हा जुळते. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत पुरावा नाहीसा!

अशा वेळी चालक ओले फडके टाकतात आणि गाडी सुरू होते. पण कारण कळले का? नाही. उन्हात पेट्रोलच्या नळीत वाफ अडकूनही इंजिन असेच बंद पडते आणि ओल्या फडक्याने तेही बरे होते. दोन वेगळे रोग, औषध एकच. इथे ओहमची शिस्त लागते. फडके आधी फक्त कॉइलवर टाकावे, पेट्रोल पंप कोरडा ठेवावा. त्याहून उत्तम म्हणजे गाडी बंद पडल्याक्षणीच ठिणगी पडते का ते पाहावे. ठिणगी असेल तर वीज निर्दोष.

म्हणून बिघाड केव्हा झाला याची नोंद फार मोलाची असते. ऊन होते की पाऊस, गाडी हलत होती की उभी, दिवे चालू होते की बंद? ही नोंद हातात आली की बिघाड मुद्दाम घडवून आणता येतो. तार हलवावी, कॉइल तापवावी, सांध्यावर पाणी शिंपडावे. हुकमी आणता येणारा बिघाड निम्मा सापडलेलाच असतो. अंदाजाने एकामागून एक सुटे भाग बदलत जाणे हा खर्चिक मार्ग आहे. बदलताना एखादा सांधा नकळत हलतो, गाडी आठवडाभर बरी चालते आणि श्रेय मात्र नव्या भागाला मिळते.

रेल्वेने काय केले?

रेल्वेने हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. १८७२ मध्ये अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने रुळांतूनच सतत वीज खेळवणारे मंडल बनवले. वीज पोचत असेल तरच सिग्नल हिरवा राहतो. गाडी आली की तिच्या चाकांमधून वीज आडवी वळते आणि सिग्नल लाल होतो. तार तुटली किंवा बॅटरी संपली, तरी सिग्नल लालच होतो. बिघाड स्वतःच ओरडून सांगतो. जीपमध्ये मात्र तुटलेली तार अंधारात गप्प बसते. ज्याची किंमत प्राणांनी मोजावी लागते तो दोष लपता कामा नये, हा विचार या रचनेत आहे.

वर्गात करून पाहा

दोन घट, टॉर्चचा एक दिवा आणि तारांचे आठ सांधे एका माळेत जोडा. एक सांधा गुपचूप सैल करा, म्हणजे हलवल्यावर दिवा मिचकावेल. मुलांना दोन नियम सांगा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि प्रत्येक वेळी काय केले, काय झाले ते वहीत लिहायचे. आधी माळेच्या मध्यावर तपासा. दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते कळले की उरलेल्या भागाच्या मध्यावर. आठ सांधे तीन तपासण्यांत संपतात. गंजलेला खिळा सांध्यात घालून व्होल्ट कुठे हरवतात तेही मोजा.

दोष सापडल्यावर त्यांना तो तिथेच आहे हे सिद्ध करायला लावा. सांधा पक्का करून दिवा लावा, पुन्हा सैल करा, पुन्हा पक्का करा. दुरुस्ती आणि योगायोग यांच्यातला फरक एवढ्यानेच कळतो. गावातल्या एखाद्या वायरिंगवाल्या कारागिराला त्या दिवशी वर्गात बोलवा. तो ओहमचे नाव घेणार नाही, पण ओहमची पद्धत त्याच्या बोटांत असते, हे मुलांना दिसेल.