एका मताची हार

टेंभी नाक्यावरच्या देवीला गेलो की मला १९८९ ची ठाण्याची महापौरनिवडणूक आठवते. शिवसेनेचे प्रकाश परांजपे एका मताने पडले. शिकागोत कुणालाच निम्म्याहून अधिक मते पडली नाहीत, तर शहर पुन्हा मतदानाला जाते. २०२३ साली ब्रँडन जॉन्सन तसेच महापौर झाले. आमचा महापौर नगरसेवक निवडतात. तिथे हरलेल्याला लोकांच्या दारी पुन्हा जायची सोय कुठली? मागे उरतो तो संशय! घरचीच मते फुटली, असा बोभाटा झाला. संशय नगरसेवक श्रीधर खोपकरांवर आला. त्याच वर्षी त्यांचा खून झाला. या नाक्यावर दरबार भरवणारे आनंद दिघे टाडाखाली अटकेत गेले, पुढे जामिनावर सुटले. ‘ते मत कुणाचे?’ ही कुजबुज मात्र देवीच्या रांगेतही मी ऐकली आहे.