गारपगारी

माघ-फाल्गुनात नागपूर प्रांतातील गहू ओंबीवर आणि हरभरा घाट्यावर आला, म्हणजे ज्या गारपिटीच्या धास्तीने कुणब्याची झोप उडे, त्याच्या निवारणार्थ गावोगाव वंशपरंपरेने एक इसम नेमलेला असे आणि त्यास गारपगारी म्हणत. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवरील आपल्या १९१६ च्या ग्रंथात त्याची नोंद केली असून, १९११ च्या खानेसुमारीत या जातीची संख्या सुमारे ९,००० भरली होती. हे मूळचे नाथपंथी जोगी. भगवी वस्त्रे, गळ्यात रुद्राक्ष. रात्रीच्या आभाळात तांबड्या-काळ्या छटा एकमेकींत मिसळलेल्या दिसल्या, की गारपगारी तलवार घेऊन मारुतीपुढे जाई आणि मेघ पांगवण्याची याचना करी.

ज्या आभाळाकडे तो पाहत असे, तेथे खरोखरच दोन वाऱ्यांचा संग्राम चाललेला असतो. हिमालयावरून पूर्वेकडे सरकणाऱ्या पश्चिमी विक्षोभामागून, म्हणजे कमी दाबाच्या प्रणालीमागून, वायव्येची कोरडी, कधी थंडही हवा मध्य भारतात उतरते. बंगालच्या उपसागरावरून आग्नेयेची ओलसर हवा येते. आणि विदर्भाच्या भूमीवर त्यांची गाठ पडते. जड हवा हलक्या हवेच्या खाली पाचरीसारखी शिरून तिला वर लोटते, तापलेली जमीन त्या उचलीस जोर देते, आणि चार-साडेचार किलोमीटरांच्या वर, जेथे शून्याखाली उतरूनही न गोठलेले जलबिंदू तरंगत असतात, तेथे हिमकणांवर थरावर थर चढून गार तयार होते. नॉर्वेतील बर्गन येथे १९१९ च्या सुमारास ब्यर्कनेस पितापुत्रांनी सीमापृष्ठाची, म्हणजे दोन भिन्न हवांमधील सीमेची, जी उपपत्ती मांडली, ती समशीतोष्ण प्रदेशातील उष्ण-शीत हवेच्या संघर्षाची; आमच्याकडे भेद मुख्यतः ओलाव्याचा, म्हणून ती येथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

परंतु मला गारपगाऱ्याच्या व्यवसायाचे मर्म मंत्रतंत्रापेक्षा त्याच्या उत्पत्तिकथेत अधिक दिसते. काशीयात्रेत एका जोग्याने बरोबरच्या कुणबी मालगुजारास (गावच्या जमीनदारास) सांगितले, की अमुक दिवशी गावाचे पीक गारांनी बुडेल. ती सारी गारपीट मी माझ्या एकट्याच्या शेतावर ओढून घेईन, मात्र माझे नुकसान सर्वांनी भरून द्यावे, असेही तो म्हणाला. परतल्यावर तसेच घडलेले आढळले, आणि गावानेही शब्द पाळला. पुढे मालगुजार आणि रयत यांच्या वर्गणीवर गारपगाऱ्याची उपजीविका चाले. एका शेतावर कोसळलेले संकट साऱ्या गावाने वाटून घ्यावे, हा त्या कथेतील करार मला अत्यंत आदरणीय वाटतो.

आज नागपूरच्या सोनेगाव येथील प्रादेशिक हवामान केंद्र गारपिटीची आगाऊ सूचना देते, पण सूचना गारा थोपवू शकत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने विदर्भ-मराठवाड्यातील रब्बी आणि फळबागा उद्ध्वस्त केल्या, हे विसरता येत नाही. म्हणून गारा पडून गेल्यावर पंचनामा आणि नुकसानभरपाई यांत एका दिवसाचाही विलंब होऊ नये, एवढी सरकारदरबारी कळकळीची विनंती आहे.