वीस डॉलरची रायफल

अमेरिकेतील हौशी रायफल-संग्राहक एकत्र जमले, की एक सुस्कारा हमखास ऐकू येतो. ‘ऐंशी डॉलरला मिळत होती, तेव्हा पेटीच घेऊन ठेवायला हवी होती!’ हा सुस्कारा ज्या वस्तूसाठी असतो, ती म्हणजे ‘सरप्लस’ रायफल. एखाद्या देशाच्या लष्कराने जुनी झाली म्हणून काढून टाकलेली आणि व्यापाऱ्यांनी घाऊक भावात उचललेली. दोन महायुद्धांनी अशा रायफलींचे डोंगर मागे ठेवले. त्यांतील बऱ्याच अखेर अमेरिकेतच आल्या. कारण सामान्य नागरिकाला लष्करी रायफल विकत घेता येईल, अशी एवढी मोठी बाजारपेठ अन्यत्र नव्हतीच.

या धंद्याचा आद्यपुरुष फ्रान्सिस बॅनरमन. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धानंतरचा माल त्याने इतका खरेदी केला, की तो ठेवण्यासाठी त्याला हडसन नदीतील एक बेट घ्यावे लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर ही गादी सॅम्युअल कमिंग्ज याच्याकडे आली. १९५३ मध्ये उभ्या राहिलेल्या त्याच्या ‘इंटरआर्म्स’ कंपनीची व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथील गोदामे युरोपातील सैन्यांच्या रायफलींनी भरलेली असत. नियतकालिकात जाहिरात पाहायची, पैसे पाठवायचे आणि टपालाने रायफल घरी मागवायची, असा तो काळ होता.

या स्वस्ताईला पहिला विरोध झाला तो शांततावाद्यांकडून नव्हे, तर कारखानदारांकडून. वीस डॉलरला परदेशी रायफल मिळत असताना न्यू इंग्लंडमधील कारखान्यांचा नवा माल कोण घेणार? १९५८ मध्ये अशा आयातीवर बंदी घालणारे विधेयक मॅसॅच्युसेट्सच्या एका तरुण सिनेटरने मांडले. त्याचे नाव जॉन एफ. केनेडी. ते मूळ स्वरूपात संमत झाले नाही. मार्च १९६३ मध्ये ली हार्वे ऑस्वाल्ड याने टोपणनावाने शिकागोच्या एका दुकानातून दुर्बिणीसह एक इटालियन कार्कानो रायफल मागवली. किंमत १९ डॉलर ९५ सेंट, टपालखर्च दीड डॉलर. त्याच रायफलीने त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला डल्लास येथे केनेडींचा बळी घेतला. टपालाने होणारी विक्री आणि लष्करी रायफलींची आयात मात्र थांबली ती थेट १९६८ च्या ‘गन कंट्रोल ॲक्ट’ने.

त्यानंतरची सोळा वर्षे दुष्काळाची. १९८४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या व संग्राह्य शस्त्रांसाठी दार किलकिले झाले. पुढे सोव्हिएत संघ कोसळला आणि त्या दारातून पूर आला. १८९१ च्या रचनेच्या मोसिन-नागांत रायफली सुमारे पावणेचार कोटी बनल्या होत्या. महायुद्धानंतर दुरुस्त करून, कॉस्मोलिन या चिकट ग्रीसमध्ये माखून, लाकडी पेट्यांत भरून त्या पुढच्या युद्धासाठी ठेवल्या होत्या. ते युद्ध झालेच नाही. २००५ च्या सुमारास अशी रायफल ७०-८० डॉलरला मिळे. सोबत संगीन, तेलाची कुपी आणि काडतुसांच्या पिशव्या. ते ग्रीस उकळत्या पाण्याने काढण्यात सुटीचा आख्खा दिवस जाई आणि स्वयंपाकघर वापरल्याबद्दल बोलणी खावी लागत, ती वेगळीच.

आज तीच रायफल चारशे डॉलरच्या आसपास आहे. चिनी एसकेएसची गोष्ट तर याहून नाट्यमय. नव्वदीच्या सुरुवातीला शंभर डॉलरच्या आत मिळणाऱ्या या रायफलीची आयात मे १९९४ मध्ये क्लिंटन प्रशासनाने बंद केली आणि भाव चढत गेले. मोसिनच्या बाबतीत पेट्या हळूहळू रिकाम्या झाल्या; २०२२ च्या युक्रेन युद्धाने उरलीसुरली वाटही बंद केली.

मग खरोखरच संधी हुकली काय? हिशेब मांडून पाहणे उद्बोधक आहे. ऐंशीचे चारशे म्हणजे वीस वर्षांत पाचपट. २००४ च्या अखेरीस अमेरिकेचा एसअँडपी ५०० निर्देशांक सुमारे १,२१२ होता. २०२४ च्या अखेरीस ५,८८१. म्हणजे जवळजवळ तेवढीच वाढ, आणि लाभांश धरला तर बरीच अधिक. त्याच काळात डॉलरमधील सोने सुमारे सहापट झाले. शेअरला गंज चढत नाही, सोन्याला तेल द्यावे लागत नाही. ऑस्वाल्डच्या काळातील वीस डॉलरही वाटतात तितके क्षुल्लक नव्हते. तेव्हाच्या किमान वेतनाने ती सतरा-अठरा तासांची मजुरी होती आणि महागाईचा हिशेब केल्यास ती रक्कम आजच्या दोनशे डॉलरच्या घरात जाते.

या हळहळीत आणखी एक गोष्ट विसरली जाते. स्वस्त असताना या रायफलींना कोणी जपत नसे. स्प्रिंगफिल्ड, माउझर, एनफिल्ड घ्यायची, दस्त्याचे पुढचे लाकूड करवतीने कापायचे, मूळ माशी काढून दुर्बिणीसाठी भोके पाडायची आणि हरणाच्या शिकारीला निघायचे, ही पन्नास-साठच्या दशकांतील रीत. आज कापलेल्या रायफलीला भाव कमी. अस्पर्श, सर्व सुट्या भागांवर एकच क्रमांक असलेल्या रायफलीला भाव अधिक. ज्यांनी करवत चालवली, त्यांनीच उरलेल्यांना मोल आणले. सर्वांनीच पेट्या साठवल्या असत्या, तर आज भाव चढले असते काय, हा प्रश्न सुस्कारा टाकणारे सहसा विचारत नाहीत.

या बाजारात भारतीय मालही आहे. बंगालमधील इशापूरच्या कारखान्याने १९६२ च्या युद्धानंतर जुन्या एनफिल्डच्या घाटणीवर ७.६२ मिलिमीटरची ‘टू-ए’ रायफल बनवली. तीही सरप्लस म्हणून अमेरिकेत गेली आणि काही वर्षे शंभर-दीडशे डॉलरला मिळत राहिली. बुडावर ‘के एफ’ अक्षरे असलेली खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील काडतुसेही तिकडच्या संग्राहकांना परिचित आहेत.

खुद्द भारतात थ्री नॉट थ्रीभोवती असे स्मरणरंजन फारसे नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेतलेल्या दहशतवाद्यांसमोर रेल्वे पोलिसांकडे याच जुन्या रायफली होत्या. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० च्या प्रजासत्ताकदिनी निरोप दिला. थ्री नॉट थ्री हा निषिद्ध बोअर असल्याने सर्वसामान्य परवानाधारकाला ती बाळगता येत नाही, त्याच्यासाठी आयुधनिर्माणीची.३१५ बोअरची शिकारी रायफल असते. इशापूरची जुनी थ्री नॉट थ्री टेक्सासमधील शेतकऱ्याच्या कपाटात असू शकते. इशापूरमधील शेतकऱ्याच्या नाही.