स्थिर हृद्‌शूल : संयुक्त औषधयोजना

ठरावीक श्रम झाले की छातीत येणारे आणि विसावा घेताच काही मिनिटांत ओसरणारे दडपण म्हणजे स्थिर हृद्‌शूल (स्थिर अंजायना). ते एका औषधाने आटोक्यात येत नसेल, तर वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी दोन, क्वचित तीन औषधे एकत्र दिली जातात. जिना, चढ, भरल्या पोटी चालणे, थंड वारा ही या दुखण्याची नेहमीची निमित्ते. पुष्कळ रुग्ण सुरुवातीला ते गॅसेसवर ढकलतात.

हृद्‌धमनी अरुंद झाली की वाढलेली प्राणवायूची गरज भागत नाही. ही गरज नाडीचा वेग, आकुंचनाचा जोर आणि हृदयाच्या भिंतीवरील ताण यांवर ठरते. नायट्रेटमुळे शिरा सैलावतात, हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि ताण उतरतो. पण रक्तदाब घसरल्यामुळे नाडी धावू लागते. बीटा ब्लॉकर नेमकी तीच नाडी आवरतो. संथ झालेले हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त भरते व थोडे ताणले जाते. तो दोष नायट्रेट सावरते. विल्यम मरेल यांनी नायट्रोग्लिसरिनचा उपयोग १८७९ मध्ये मांडला, तर जेम्स ब्लॅक यांचे प्रोप्रॅनोलॉल हे बीटा ब्लॉकर १९६० च्या दशकात आले. म्हणजे या जोडीतले दोन गडी जवळजवळ एका शतकाच्या अंतराने मैदानात उतरले.

बीटा ब्लॉकर आणि ॲमलोडिपिन ही आज सर्वाधिक वापरातली जोडी. ॲमलोडिपिन हे कॅल्शियम-रोधक धमन्या रुंदावते, नाडीवर फारसा भार टाकत नाही. भारतात ॲटेनोलॉल व ॲमलोडिपिन एकाच गोळीतही मिळतात. मात्र दोन औषधांनी गुण दुप्पट होतो, असे नाही. याच दोन गटांतल्या मेटोप्रोलॉल व निफेडिपिन यांच्यावरील १९९६ च्या ‘इमेज’ चाचणीत जोडीचा जादा फायदा मुख्यतः पहिल्या औषधाला दाद न देणाऱ्या रुग्णांत दिसला. पहिल्याच भेटीत तीन औषधे लिहिण्याच्या घाईला या निष्कर्षात आधार सापडत नाही.

व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम हीसुद्धा कॅल्शियम-रोधकेच, पण त्यांची चाल निराळी. बीटा ब्लॉकरसोबत व्हेरापामिल टाळतात आणि डिल्टियाझेम फार जपून देतात. कारण एकत्र दिल्यास नाडी धोकादायकरीत्या मंदावू शकते, हृदयातला विद्युतसंदेश वाटेत अडू शकतो. नाडी मंदावणारे आयव्हाब्रॅडिनही व्हेरापामिल वा डिल्टियाझेमबरोबर वर्ज्य. रॅनोलाझिन हे आणखी एक पर्यायी औषध नाडी वा रक्तदाब फारसा बदलत नाही, म्हणून रक्तदाब मुळातच कमी असलेल्यांत ते सोयीचे पडते. पण डिल्टियाझेममुळे त्याची रक्तातील पातळी वाढते, तेव्हा मात्रा आवरती ठेवावी लागते. इतर पर्यायांपैकी निकोरँडिलने तोंडात चिवट व्रण होऊ शकतात. ट्रायमेटाझिडिन कंपवाताच्या रुग्णांना देत नाहीत.

दीर्घकाळ चालणारे नायट्रेट दिवसरात्र दिल्यास त्याचा परिणाम बोथटतो, म्हणून रोज काही तास शरीर नायट्रेटमुक्त ठेवतात. जिभेखालची गोळी, आपल्याकडे घरोघरी माहीत असलेली सॉर्बिट्रेट, वेळप्रसंगासाठी जवळ असतेच. नायट्रेट आणि लैंगिक दुर्बलतेवरचे सिल्डेनाफिल एकत्र आल्यास रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो. संकोचापोटी रुग्ण सिल्डेनाफिलचा उल्लेख टाळतो, त्यामुळे डॉक्टरांनीच विचारणे बरे.

ही सारी औषधे प्रामुख्याने लक्षणांसाठी आहेत. झटका टाळण्याचे काम ॲस्पिरिन आणि स्टॅटिन करतात. कळ थांबली म्हणून ती बंद करता येत नाहीत. बीटा ब्लॉकरही एकाएकी सोडल्यास दुखणे उसळते.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०११ च्या सूचनांनुसार दोन औषधांनी लक्षणे आटोक्यात असतील तर तिसरे जोडू नये. दोन पुरत नसतील आणि स्टेंट किंवा बायपास शक्य नसेल, अथवा त्याची प्रतीक्षा चालू असेल, तरच तिसऱ्याचा विचार करावा. ‘करेज’ (२००७) आणि ‘इस्केमिया’ (२०२०) या चाचण्यांत, नेटक्या औषधोपचाराला सुरुवातीलाच अशा उपायाची जोड दिल्याने एकूण मृत्यू घटल्याचे दिसले नाही; इस्केमियात वारंवार कळ येणाऱ्यांना मात्र आराम अधिक मिळाला.